डॅकचा आवाज नेमका कुठून येतो

"चिप कोणती आहे, ईएसएस, एकेएम की आरटूआर?" महागड्या डॅकबद्दल, म्हणजे डिजिटल गाण्यातले आकडे अ‍ॅनालॉग आवाजात बदलणाऱ्या पेटीबद्दल, बोलणं निघालं की पहिला प्रश्न हाच असतो. ईएसएस आणि एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपन्या, आरटूआर म्हणजे रेझिस्टरच्या शिडीने हेच काम करणारा डॅक. आणि त्यावर ठरलेली उत्तरं येतात, ईएसएस म्हणजे ब्राइट, एकेएम म्हणजे मऊ, आरटूआर म्हणजे अ‍ॅनालॉगसारखा. मी बऱ्याच काळापासून जे जे डॅक हाताला लागतात ते शेजारी शेजारी ठेवून ऐकतोय आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय की या तीन वाक्यांनी ऐकणाऱ्यांचं बरंच नुकसान केलंय. डॅकला स्वतःचा स्वभाव असतो हे मला मान्य आहे, फरक ऐकू येतात, काही तर पहिल्या मिनिटात ऐकू येतात. पण ते चिपच्या नावातून फार कमी येतात. ते येतात डिजिटल फिल्टरमधून, आउटपुट स्टेजमधून (चिपनंतरच्या सर्किटमधून), आणि सगळ्यात जास्त येतात आवाजाच्या पातळीत पडलेल्या अशा बारीक फरकातून, जो आपल्याला "मोठा आवाज" म्हणून जाणवतच नाही, "चांगला आवाज" म्हणून जाणवतो.

एक उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि जगभरच्या डॅक बनवणाऱ्यांना चिप मिळेनाशा झाल्या. आरएमई या कंपनीचा एडीआय-२ डॅक एफएस तोवर एकेएमच्या चिपवर चालायचा, पुढे तो ईएसएसच्या चिपवर गेला. नाव तेच, पेटी तीच, आतला मुख्य भाग बदलला. जर चिपचं घराणंच आवाज ठरवत असतं तर हा डॅक एका रात्रीत मऊचा ब्राइट व्हायला हवा होता. माझ्या कानाला पातळी जुळवल्यावर तसं काहीही झालेलं वाटलं नाही, कारण फिल्टरचा आकार, अ‍ॅनालॉग भाग, हेडरूम (कमाल पातळीच्या वर सोडलेली मोकळी जागा) हे सगळं ज्यांनी आधी नीट केलं होतं त्यांनीच नंतरही नीट केलं.

आता पातळीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण हे जमलं नाही तर पुढचं सगळं ऐकणं वाया जातं. आरसीए या साध्या जोडणीच्या आउटपुटवर डॅक साधारण २ व्होल्ट देतो, एक्सएलआर या बॅलन्स्ड जोडणीवर साधारण ४ व्होल्ट. म्हणजे एक डॅक आरसीएने आणि दुसरा एक्सएलआरने जोडला तर थेट ६ डेसिबलचा फरक, आणि ६ डेसिबल तर कुणालाही कळतात, त्याने कुणी फसत नाही. खरी अडचण ०.३ किंवा ०.५ डेसिबलची असते. एक डॅक २ व्होल्ट देतो, दुसरा २.१. एवढ्यात आवाज वाढल्यासारखा वाटत नाही, पण बास थोडा भरल्यासारखा वाटतो, गाणारा अर्धं पाऊल पुढे आल्यासारखा वाटतो, रेकॉर्डिंगमधले बारीकसारीक आवाज जरा उघडल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आपला कान वेगवेगळ्या पातळीला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या प्रमाणात ऐकतो, पातळी चढली की खालचे स्वर तुलनेने जास्त भरतात. त्यामुळे "या डॅकचा बास जास्त खोल आहे" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न एवढाच असतो, पातळी मोजली होती का?

मोजायची पद्धत अगदी सोपी आहे. १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, डॅकच्या आउटपुटला किंवा अँपच्या आउटपुटला व्होल्टेज बघायचं आणि दोन्ही डॅक ०.१ डेसिबलच्या आत आणायचे. ०.१ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १.२ टक्के, २ व्होल्टला सुमारे २३ मिलिव्होल्ट. स्वस्तातला मल्टीमीटर १ किलोहर्ट्झला थोडा चुकेल, पण तो दोन्ही डॅकना सारखाच चुकणार, त्यामुळे तुलनेला अडचण येत नाही. कानाने जुळवू नका, फोनवरच्या अ‍ॅपने जुळवू नका, आणि डॅकचा स्वतःचा हेडफोन अँप वापरून तर तुलना करूच नका कारण मग तुम्ही दोन डॅक ऐकत नसता, दोन अँप ऐकत असता. लाइन आउट घ्या, एकाच अँपमध्ये द्या, एकाच स्विचने बदला.

एवढं केल्यावर काय होतं? बरेच फरक गायब होतात. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही, उलट जे उरतं त्यावर आता विश्वास ठेवता येतो म्हणून मला आनंदच होतो. आणि जे उरतं त्यातला मोठा वाटा माझ्या मते फिल्टरचा असतो.

फिल्टरचं काम थोडक्यात असं. सीडीचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे तिच्यात २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो. पण डॅकने ते सॅम्पल जसेच्या तसे पायऱ्यांसारखे बाहेर काढले तर मूळ आवाजाच्या प्रतिमा वरच्या भागात उमटतात, १५ किलोहर्ट्झचा स्वर असेल तर त्याची प्रतिमा २९.१ किलोहर्ट्झला. या प्रतिमा कापायच्या आणि २० किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाला धक्का लावायचा नाही, एवढ्या चिंचोळ्या जागेत हे करायचं असतं. १९८२ मध्ये आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये हे काम अ‍ॅनालॉग फिल्टरने व्हायचं, अगदी कड्यासारखा उभा फिल्टर, आणि त्या फिल्टरमुळे वरच्या टोकाला फेजची, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांच्या आपसातल्या वेळेची, ओढाताण व्हायची. फिलिप्सने वेगळी वाट धरली. त्यांची टीडीए१५४० ही चिप फक्त १४ बिटची होती, पण त्यांनी आधी डिजिटलमध्येच चौपट ओव्हरसॅम्पलिंग केलं, म्हणजे सॅम्पलच्या मधे नवे सॅम्पल काढून घातले, १७६.४ किलोहर्ट्झपर्यंत नेलं, नॉइज शेपिंग लावलं (गोंगाट ऐकू न येणाऱ्या भागात ढकलला), आणि १४ बिटच्या चिपमधून १६ बिटच्या जवळपासचं काम करून घेतलं, शिवाय अ‍ॅनालॉग फिल्टर अगदी सौम्य ठेवता आला. मला तो निर्णय आजही फार आवडतो. आजचे जवळजवळ सगळे डॅक त्याच वाटेने चालतात, फक्त आकडे वाढलेत.

आता हा डिजिटल फिल्टर कसा करायचा यावर प्रत्येकाचं मत वेगळं. लिनिअर फेज शार्प फिल्टर २० किलोहर्ट्झपर्यंत सरळ राहतो आणि त्यानंतर एकदम पडतो, पण एका टोकदार आवाजाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे तो थोडासा थरथरतो, याला प्री-रिंगिंग आणि पोस्ट-रिंगिंग म्हणतात. मिनिमम फेज फिल्टर सगळी थरथर आवाजाच्या नंतर ढकलतो, त्या बदल्यात वरच्या भागात फेज थोडा सरकतो. स्लो रोल-ऑफ फिल्टर कमी थरथरतो पण १५-१६ किलोहर्ट्झपासूनच हळूहळू खाली येऊ लागू शकतो आणि प्रतिमाही पूर्ण कापत नाही. ग्राफमधली ती थरथर बघून लोक घाबरतात, पण ती २२ किलोहर्ट्झच्या आसपास असते, आणि रेकॉर्डिंगमध्ये तिथे काही असेल तरच ती उठते, त्यामुळे ग्राफ जितका भीतीदायक दिसतो तितका परिणाम कानावर होत नाही. मला शार्प लिनिअर आणि शार्प मिनिमम यातला फरक बहुतेक रेकॉर्डिंगवर सांगता येत नाही. कॅस्टनेट्स, झांजा, जवळून माइक लावलेला पियानो अशा गोष्टींवर कधीकधी वाटतो, पण पैज लावावी इतका नाही. स्लो फिल्टर मात्र कळतो, कारण तिथे वरच्या टोकाला खरंच काहीतरी कमी होतंय.

आणि सगळ्यात स्पष्ट कळतो तो एनओएस, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंगच नाही, फिल्टरच नाही. ऑडिओ नोट या कंपनीचे डॅक असेच असतात, होलो ऑडिओच्या 'मे' नावाच्या डॅकमध्ये आणि डेनाफ्रिप्सच्या डॅकमध्येही हा मोड मिळतो. यात ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला १० किलोहर्ट्झवर साधारण ०.७५ डेसिबल आणि २० किलोहर्ट्झवर साधारण ३.२ डेसिबल इतकी घट येते, हे सॅम्पल धरून ठेवण्याच्या गणितातूनच येतं, कुणी मुद्दाम केलेलं नसतं. आता सांगा, १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल कमी झालं तर काय वाटेल? आवाज मऊ वाटेल, "स"चे फुत्कार सौम्य होतील, व्हायोलिन कमी टोचेल. आणि लोक म्हणतील आरटूआर असं वाजतं! रेझिस्टरचा त्यात काही संबंधच नाही, तोच डॅक ओव्हरसॅम्पलिंगवर टाका, निम्म्याहून जास्त मऊपणा निघून जातो. हा प्रयोग मी प्रत्येकाला करायला सांगतो कारण यात पेटी बदलावी लागत नाही, एक बटण दाबायचं असतं.

दुसऱ्या टोकाला कॉर्ड ही कंपनी. त्यांचा डेव्ह २०१५ मध्ये आला, त्यात तयार डॅक चिपच नाही, झायलिंक्सच्या एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट लिहून घेता येणाऱ्या चिपमध्ये) कॉर्डचे डिझायनर रॉब वॉट्स यांनी स्वतः लिहिलेला फिल्टर आहे, १,६४,००० टॅपचा, टॅप म्हणजे फिल्टरच्या गणितातली एक पायरी. सर्वसाधारण चिपमधला फिल्टर काहीशे टॅपचा असतो. नंतर त्यांनी डॅकच्या आधी जोडायचा एम स्केलर काढला, दहा लाखांहून जास्त टॅप, ७०५.६ किलोहर्ट्झपर्यंत. त्यामागचा विचार गणितात बरोबर आहे, सॅम्पलमधून मूळ लहर तंतोतंत परत मिळवायची तर फिल्टर अनंत लांब हवा, म्हणून जितका लांब तितकं जवळ. पण लांबीला वेळ लागतो, दहा लाख टॅप ७०५.६ किलोहर्ट्झला म्हणजे फिल्टरची लांबीच सुमारे १.४ सेकंद, त्यामुळे आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा येतो. गाणं ऐकताना काही बिघडत नाही, व्हिडिओ बघताना ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून त्यासाठी वेगळा मोड द्यावा लागलाय.

डेव्ह ऐकताना मला जे जाणवतं ते असं, सुरुवाती स्वच्छ असतात. पियानोची पट्टी दाबल्यावर हातोडा तारेवर पडतो तो क्षण आणि त्यानंतर उमलणारा स्वर हे वेगवेगळे कळतात, तबल्यावर किनारीचा "ना" कुठे पडला ते बोट दाखवता येईल इतकं ठाम असतं. शरीर मात्र थोडं सडपातळ, ज्यांना भरदार मिड्स आवडतात त्यांना हा जरा कोरडा वाटेल. मला तो रात्री एकट्याने, हेडफोनवर, कमी वाद्यांचं काही ऐकायला फार आवडतो.

डीसीएस या कंपनीचा बार्टोक वेगळ्याच स्वभावाचा आहे. त्यातला रिंग डॅक ५ बिटचा आहे हे ऐकून नवखे चकित होतात, पण कल्पना सुंदर आहे. आरटूआर शिडीमध्ये सगळ्यात मोठ्या बिटचा रेझिस्टर आणि सगळ्यात लहान बिटचा रेझिस्टर यांच्या वजनात प्रचंड फरक असतो, १६ बिटला ३२,७६८ पट. मोठ्या बिटमध्ये जराशी चूक झाली की ती चूक लहान बिटना गिळून टाकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साध्या शिडीत आवाज शून्याजवळून जाताना सगळे बिट एकदम पालटतात, म्हणजे संगीताचा आवाज सगळ्यात लहान असतो तिथेच चूक सगळ्यात मोठी. म्हणून चांगले आरटूआरवाले एकतर अतिशय अचूक रेझिस्टर लावतात, किंवा धन आणि ऋण भागासाठी वेगळी मांडणी करतात, किंवा होलोसारखी दुरुस्तीची वेगळी शिडी जोडतात. डीसीएसने समान वजनाचे खूपसे स्रोत घेतले आणि प्रत्येक वेळी त्यातले कोणते वापरायचे ते बदलत राहायचं असं ठरवलं, त्यामुळे एखाद्या स्रोतातली चूक स्वराला चिकटून विकृती होण्याऐवजी अगदी खालच्या पातळीच्या, कशाशीच न जुळणाऱ्या नॉइजमध्ये विरून जाते. ही निवड करणाऱ्या भागाला मॅपर म्हणतात आणि मेनूमध्ये तो बदलताही येतो. बार्टोकवर मला आवाज संपताना जास्त आवडतो. तानपुऱ्याची जवारी चालू आहे, गायक थांबलाय, आणि त्या मधल्या जागेत खोलीचा जो पोकळ श्वास रेकॉर्ड झालाय तो शेवटपर्यंत ऐकू येतो. घाई कुठेच नाही.

तानपुरा हे डॅक तपासायला उत्तम वाद्य आहे असं माझं ठाम मत आहे. एकसारखा चालतो, त्यामुळे स्विच कधीही मारला तरी तुलना होते, आणि जवारीमुळे त्यात वरचे हार्मोनिक्स इतके भरलेले असतात की १० किलोहर्ट्झच्या आसपास जरा काही कमीजास्त झालं की लगेच कळतं. ऑडिओफाइल मंडळी टेस्टसाठी जे चकचकीत ट्रॅक वाजवतात त्यात इतकं एकाच वेळी घडत असतं की नेमकं काय बदललं ते कळत नाही.

शिट या कंपनीचा यग्द्रासिल हा आणखी एक. मूळ यग्द्रासिलमध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी५७९१ ही २० बिटची चिप आहे, जी मुळात ऑडिओसाठी बनलेलीच नाही, मोजमापाच्या आणि वैद्यकीय उपकरणांसाठी बनलेली आहे. फिल्टर त्यांचा स्वतःचा, त्यात निवड नाही. पुढे याच पेटीच्या वेगळ्या चिप असलेल्या आवृत्त्याही आल्या. मी जो ऐकला त्यावर मला ताल पक्का वाटला, बास आणि ड्रम जिथे हवेत तिथे रुतून बसतात, मोठ्या वाद्यवृंदात थरांमधलं अंतर कळतं. वरचा भाग डेव्हइतका मोकळा नाही वाटला, पण दोन तास ऐकून कान दमत नाहीत.

आउटपुट स्टेज हा असा भाग आहे ज्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि जिथे पैसा खरं तर जायला हवा. ईएसएसच्या मोठ्या चिपमधून करंट बाहेर येतो, त्याचं व्होल्टेज करायचं काम बाहेरच्या सर्किटचं, आणि ते सर्किट कुणी कसं केलं त्यावर तीच चिप एका पेटीत निर्मळ आणि दुसरीत कर्कश वाजू शकते. ईएसएसची जी "चकाकी" बदनाम झाली त्यातली बरीचशी या ठिकाणी, मध्यम पातळीला वाढणाऱ्या विकृतीत होती, ती मापनात दिसायची आणि नीट डिझाइन केल्यावर जायची. कुणी इथे ऑपअँप लावतो, कुणी सुटे ट्रान्झिस्टर, कुणी ट्रान्सफॉर्मर, कुणी ट्यूब. ट्यूब असेल तर दुसरा हार्मोनिक थोडा वाढतो आणि आवाजाला अंग येतं, हे खरं आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त ते ट्यूबचं आहे हे माहीत असावं, म्हणजे श्रेय रेझिस्टरच्या शिडीला जात नाही.

अजून एक गोष्ट आहे जी फार कमी जण तपासतात. आजकाल बरीचशी रेकॉर्डिंग इतकी जोरात मास्टर केलेली असतात की सॅम्पल अगदी कमाल मर्यादेला टेकलेले असतात. डॅक ओव्हरसॅम्पलिंग करताना दोन सॅम्पलच्या मधली लहर पुन्हा उभी करतो आणि ती त्या मर्यादेच्या वर जाऊ शकते. याचं पुस्तकी उदाहरण ११.०२५ किलोहर्ट्झच्या स्वराचं आहे, तिथे लहर सॅम्पलपेक्षा ३ डेसिबल वर जाते. फिल्टरमध्ये जागा नसेल तर ती तिथेच कापली जाते, आणि तुम्हाला ऐकू येतो तो एक कडक, चुरचुरीत ट्रेबल. बेंचमार्कने त्यांच्या डॅक३ मध्ये यासाठी मुद्दाम ३.५ डेसिबलची जागा सोडली आहे. एनओएसमध्ये मधली लहर डिजिटलमध्ये उभीच केली जात नाही, त्यामुळे ही कापाकापी होत नाही, आणि जोरकस आधुनिक रेकॉर्डिंगवर एनओएस शांत वाटण्याचं हे दुसरं कारण आहे. तुमच्याकडे असा डॅक असेल जो नव्या गाण्यांवर टोचतो आणि जुन्या रेकॉर्डिंगवर छान वाजतो, तर प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम ४ डेसिबल खाली घ्या आणि अँपवर तेवढाच वर घ्या. टोचणं कमी झालं तर तुम्हाला नवा डॅक नको आहे.

क्लॉक आणि जिटरबद्दल, म्हणजे सॅम्पलच्या वेळेत होणाऱ्या बारीक चुकांबद्दल, थोडंच लिहितो. एसिंक्रोनस यूएसबी आल्यापासून वेळ कॉम्प्युटर ठरवत नाही, डॅकमधला क्लॉक ठरवतो, आणि चांगल्या डॅकमधला जिटर पिकोसेकंदांमध्ये असतो. १९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन यांनी संगीतावर केलेल्या ऐकण्याच्या चाचण्यांमध्ये जिटर कळायला दोन आकडी नॅनोसेकंद लागले होते, म्हणजे हजारो पिकोसेकंद. कॉम्प्युटरकडून ग्राउंडमधून येणारा गोंगाट मात्र खरा असतो, तो खरखर किंवा किणकिण म्हणून सरळ ऐकू येतो, आणि त्यावर आयसोलेशन, म्हणजे दोघांमधला विजेचा थेट संबंध तोडणं, हा चांगला उपाय आहे. बाहेरून जोडायच्या वेगळ्या क्लॉकवर पैसे घालण्याआधी मी अँप, हेडफोन किंवा स्पीकर बदलेन.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रयोग. तीन डॅक घेतले, डेव्ह, बार्टोक आणि मे. आधी तिघांना साधी ४४.१ ची फाइल दिली, मे एनओएसवर. फरक स्पष्ट, तिघं ओळखता येतात, मे मऊ, डेव्ह टोकदार, बार्टोक मोकळा. मग तीच फाइल कॉम्प्युटरवर एचक्यूप्लेअर या सॉफ्टवेअरने ३५२.८ किलोहर्ट्झला नेली, एकाच लांब फिल्टरने, आणि तिघांना तीच दिली. असं केलं की प्रतिमा इतक्या वर जातात की डॅकच्या स्वतःच्या फिल्टरला ऐकू येणाऱ्या भागात फारसं काही करायला उरत नाही, आणि एनओएसची घटही २० किलोहर्ट्झपर्यंत जवळजवळ संपते. यग्द्रासिल यात घेता येत नाही कारण तो १९२ च्या वर स्वीकारत नाही.

आणि काय झालं, तर तिघं एकमेकांच्या खूप जवळ आले. मे मधला मऊपणा गेला, पण तो सपाट झाला नाही, खालचे मिड्स तसेच भरलेले राहिले. डेव्हच्या सुरुवाती आता बाकीच्या दोघांपेक्षा फार वेगळ्या वाटेनात. बार्टोकचा तो लांबणारा शेवट अजूनही मला जाणवतो, निदान जाणवतो असं वाटतं, तानपुऱ्यावर आणि खोलीत रेकॉर्ड केलेल्या कोरसवर. म्हणजे फिल्टर बाजूला काढला तरी अ‍ॅनालॉग भागाचा थोडा स्वभाव उरतो, पण तो पहिल्या फरकाच्या मानाने अगदी लहान असतो आणि तो ओळखायला शांत खोली, ओळखीचं रेकॉर्डिंग आणि ताजे कान लागतात.

मापनवाल्यांचं आणि ऐकणाऱ्यांचं जे कायमचं भांडण चालू असतं त्यात मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. आजचा चांगला डॅक विकृती आणि नॉइज मिळून १२० डेसिबल खाली ठेवतो, म्हणजे मूळ आवाजाच्या दहा लाखावा भाग. २४ बिटची शेवटची पायरी २ व्होल्टच्या आउटपुटला सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्टची असते, आणि १ किलोओहमचा एक साधा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला ऑडिओच्या पट्ट्यात स्वतःच जवळपास ०.५७ मायक्रोव्होल्ट नॉइज करतो, त्यामुळे "खरे २४ बिट" ही जाहिरात मी मनावर घेत नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाय-रेझोल्यूशन आवाजाच्या वाटेत मध्येच १६ बिट ४४.१ चा टप्पा घातला होता, आणि ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. पण २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हाय-रेझोल्यूशन ओळखण्यात फरक छोटा पण खरा निघाला, आणि ज्यांना आधी सराव दिला होता त्यांना तो जास्त कळला. दोन्ही निकाल डॅकबद्दल थेट नाहीत, पण मला त्यातून एवढं घ्यावंसं वाटतं की कान शिकतो, आणि शिकलेल्या कानालाही जे कळतं ते बारीकच असतं. म्हणून "रात्र आणि दिवसाचा फरक" असं कुणी दोन नीट बनवलेल्या डॅकबद्दल लिहिलं की मी पुढचं वाचत नाही.

आंधळी चाचणी जमेल तेव्हा कराच, दुसऱ्या कुणाला स्विच मारायला लावा, तुकडा छोटा ठेवा, पाच-दहा सेकंदांचा, कारण बारीक फरकाची आठवण फार टिकत नाही. पण त्याबरोबर एक डॅक आठवडाभर एकटा लावून ठेवा आणि काहीही तपासू नका, नुसतं ऐका. पहिल्यातून फरक आहे का ते कळतं, दुसऱ्यातून तो फरक आपल्याला हवा आहे का ते कळतं. थकवा येणं, गाणं मध्येच बंद करावंसं वाटणं, किंवा उलट एक संपल्यावर दुसरं लावलं जाणं, या गोष्टी दहा सेकंदांच्या स्विचमध्ये येत नाहीत.

मला यातला एकच ठेवायला सांगितलं तर मी मे ठेवेन, एनओएसवर, आणि फिल्टर कॉम्प्युटरवर चालवेन. जोरकस नव्या रेकॉर्डिंगला ३-४ डेसिबल खाली घेऊन, सौम्य मिनिमम फेज फिल्टर, तानपुरा आणि पियानोला लांब लिनिअर फेज, आणि जुन्या कडक सीडींना काहीच नाही, सरळ ४४.१. डेव्ह ऐकायला मला त्याहून जास्त आवडेल अशा रात्री येतील हे माहीत आहे, पण आवाजाचा जो भाग सगळ्यात जास्त बदलतो तो मे मध्ये माझ्या हातात राहतो, आणि मला रेकॉर्डिंगप्रमाणे तो बदलायचा असतो.